तीनशे बारा

बाबाने टायर स्वयंपाकघरात आणले.
म्हणजे, आणवले. त्याच्या हातात आता
कॉफीचा कपसुद्धा ओठांपर्यंत
अर्धाच पोचतो.
"आतून बाहेर," तो म्हणाला, "डोकं आत, टोक बाहेर,
आणि आतून जुन्या ट्यूबचं अस्तर लाव,
नाहीतर स्क्रू आधी हवेलाच चावतात."

तीन संध्याकाळी मी पिळत बसले.
रबराचा वास पावात उतरला,
केसांत राहिला, उशीला लागला.
तो खुर्चीतून मोजत होता, ओठ न हलवता.
"तीनशे अकरा," मी म्हटलं.
"तीनशे बारा. शोध."
टेबलाखाली, चुलीमागे, कुत्र्याच्या घोंगडीत.
शेवटी सापडला
माझ्याच बुटाच्या तळव्यात रुतलेला.
उपसला, चाकात बसवला.

जानेवारीत हाउकीयार्वी पुरतं गोठलं.
वेइक्कोने गिरमिटाने भोक पाडून पट्टी बुडवली:
बेचाळीस सेंटीमीटर.
"देवदाराच्या फांद्या रोवल्यात, त्यांच्या आतून जा.
ओढ्याच्या तोंडाशी मात्र
बर्फ खोटं बोलतो."
बाबाने बरणी दिली, मिठातली माशांची अंडी.
"लेम्पीला," एवढंच.
नऊ वर्षांत आत्याचं नाव
आमच्या छताखाली पहिल्यांदा.

जावाने दोनदा नकार दिला, तिसऱ्यांदा खोकली.
मग खाली करकर सुरू झाली,
जणू कुणी दात खात चाललंय,
आणि तो कुणी मीच.
पहिल्या वळणाला गाडी एकीकडे झुकली,
अंगातली सगळी जुनी भीती दुसरीकडे.
सैल सोड, स्वतःलाच म्हटलं.
कलवली. आणखी कलवली.
गुडघा बर्फाला विचारून आला
आणि चाक नख्या काढलेल्या मांजरासारखं
काचेवरून निघून गेलं.

मध्यावर तळं बोललं.
खोल कुठेतरी कुणी जड कपाट सरकवावं, तसं.
थांबायचं नसतं, हे मला माहीत होतं.
तरी हात सैल पडला क्षणभर,
कारण पापण्यांवर बर्फ धरला होता
आणि त्या पांढऱ्या झालरीतून
जग पहिल्यांदाच
इतकं रिकामं, इतकं माझं दिसत होतं.

बेटाच्या धक्क्याशी इंजिन बंद केलं,
गाडी स्टँडवर लावली, ऐटीत एक पाय टाकला.
जावा उभी. मी आडवी.

खिडकीतलं हसणं आधी आलं,
मग राखेची बादली, मग लेम्पी.
दारापासून माझ्यापर्यंत मुठीमुठीने राख फेकत,
पेरणीला निघाल्यासारखी.
"बरणी?"
"शाबूत."
"मग ऊठ."

माझ्याकडे न बघता ती टायरपाशी वाकली.
मोजा काढून एकेका टोकावरून बोट फिरवलं.
"हे त्याने नाही बसवलेले," म्हणाली.
"त्याचे सगळे डावीकडे कलायचे."
बोट तिथेच थांबलं.
"हात?"
मी मान हलवली.
तिने मोजा परत चढवला, फार वेळ लावून.

निघताना तिने पिशवीभर राख बांधून दिली.
"उतरशील तिथे आधी ही टाक.
बूट काय, गाडीसारखे हुशार नसतात."

घरी बाबाने लेम्पीबद्दल विचारलं नाही.
"किती गळले?"
बॅटरी घेऊन गेले, गुडघ्यांवर बसून मोजले.
"पुढचे सहा. मागचे अकरा."
"बरंय."

उरलेली राख मी टेबलावर ठेवली.
त्याने पिशवी उघडली, थोडी सांडली,
त्याची बोटं त्यात फिरू लागली, थरथरत,
आणि अडली.
चौकोनी डोक्याचा, हातभट्टीचा, काळा पडलेला खिळा.
नऊ वर्षांपूर्वी दोघं ज्यावरून भांडले
त्या नावघराचा.
म्हणजे ती यंदाच्या थंडीत त्याच फळ्या
चुलीत घालतेय.

तो हसला की खोकला, कळलं नाही.
खिळा दिव्यासमोर धरला,
म्हणजे धरायचा प्रयत्न केला;
मी मनगट पकडलं तेव्हा स्थिर झाला.
"सरळ आहे अजून," म्हणाला,
आणि उरलेल्या स्क्रूंच्या डब्यात टाकला.